मामंजींनी विहीर धुतली

आमचे मामंजी स्वच्छतेच्या बाबतीत फार चोख. लाँड्रीवाल्यानं असायलाच हवं म्हणा, पण कशालाही काही सुमार असतो. माझ्या सासऱ्यांना डाग दिसला की तो आधी काढायचा असतो, मग तो डाग म्हणजेच आपला एकमेव पुरावा का असेना. या खोडीपायी आमची सगळी गल्ली पाण्याला मुकणार होती, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायची मला सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

झालं असं, की टेकडीखालून जाणारी डिझेलची पाइपलाइन फुटली. ती जमिनीखाली कधीपासून गळत होती ते कंपनीलाही ठाऊक नव्हतं. आम्हाला कळलं ते विहिरीत सोडलेली बादली वर आली तेव्हा. पाण्यावर रंगीत तवंग, आणि वास असा की कपाळ धरून बसावं. विहीर आमच्या दुकानामागं असली तरी पाणी सगळ्या गल्लीचं. शेजारचा बेकरीवाला, पलीकडची रोपवाटिकेवाली, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे आमच्या सासऱ्यांच्या वडिलांच्या काळापासून तिथूनच भरत आलेले.

कंपनीवर खटला चालला, दंड झाला. दंडाचा मोठा हिस्सा याच वस्त्या सावरायला वापरायचा, असं न्यायाधीशांनी बजावलं. मग एक समिती बसली. ज्या गल्लीचं पाणी नासलं तिला टेकडीच्या वरच्या अंगाला बोअर मारून नळ द्यायचा, आणि राहिलेल्या पैशांतून चौकात अपघाताच्या आठवणीचं उद्यान करायचं, असं त्यांचं ठरलं. उद्यानात रंगीत दिव्यांचं कारंजं. प्यायला पाणी नाही आणि उडवायला आहे, अशी ही अक्कल.

इकडे मामंजींनी गिऱ्हाइकांना एका अक्षरानं काही कळू दिलं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले. "कपड्याला वास येतो हे एकदा बाहेर गेलं की दुकान उठलं म्हणून समज." म्हणून मी रोज उजाडायच्या आत टेंपोत ड्रम घालून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या सरकारी नळावर जायची, रांगेत उभी राहायची आणि दुकानापुरतं पाणी आणायची. आमचे हे दिवसभर इस्त्रीशी झुंजत असल्यामुळं टेंपो माझ्याकडे. खांदे असे भरून यायचे की केस विंचरायला हात वर जात नसे. कपडे मात्र पांढरेशुभ्र, आणि मामंजी गल्ल्यावर ताठ.

समितीच्या पाहणीचा दिवस कळला तेव्हा मी मामंजींना हात जोडून सांगितलं, "विहीर आहे तशी राहू द्या. तवंग दिसू द्या, वास येऊ द्या. बाकी मी बोलते." त्यांनी मान हलवली. त्या मानेवर मी विश्वास ठेवला, हे माझं चुकलं.

पाहणीच्या दिवशीही मी पाण्याला गेले होते, आणि रांगेत उशीर झाला. परत येते तो विहिरीचा काठ साबणानं घासलेला, भिंतीला ताजा चुना, बादली लखलखीत, दोरसुद्धा नवा. आदल्या दिवशी मी आणि हे माल पोचवायला गेलो, तेवढ्यात त्यांनी पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली होती, आणि पहाटे मी निघाल्यावर कठडा घासायला घेतला होता. नवं पाझरलेलं पाणी एक दिवस बरं दिसतं, मग तवंग धरतो. समितीच्या बाई नेमक्या त्या एका दिवसात येऊन, वाकून, हुंगून, "वा, छान ठेवलीय विहीर," असं म्हणून गेल्या होत्या. मामंजींनी त्यांना खुर्ची दिली होती, चहा दिला होता.

"तुम्हाला मी काय सांगितलं होतं?" मी ड्रम खाली आपटला.

"अगं, परक्या बाईमाणसाला घाण विहीर दाखवायची? लाँड्रीवाल्याची?" ते मला समजावायला लागले. "काय म्हणाल्या असत्या त्या?"

"पाणी देतो म्हणाल्या असत्या, मामंजी."

आमचे हे इस्त्री हातात धरून आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. घरात भांडण झालं की ह्यांचं तेवढंच काम.

निकाल व्हायचा तोच झाला. आमच्या गल्लीला 'नुकसान आढळले नाही'. बेकरीवाल्यानं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, जसं काही विहीर मीच घासली. मी समितीच्या कचेरीत खेटे घातले. त्या बाई वाईट नव्हत्या. मला बसवून घेतलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "ताई, विहीर मी डोळ्यांनी बघितली. तुमचं दुकान चालू आहे, कपडे शुभ्र आहेत. मी नुकसान कुठून लिहू? हवं तर हरकतींच्या सभेत या." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. त्यामुळं राग आणखी चढला. रागवायला समोर धड एक दुष्ट माणूसही मिळू नये म्हणजे काय?

शेवटी मी एक पांढरी चादर घेतली. घरचीच, पण आमच्याकडे घरच्या कापडालाही दुकानाची खूण असते, कोपऱ्यात गोल आणि गोलात टिंब, न पुसणाऱ्या शाईनं. खूण करायचं काम मामंजी दुसऱ्या कुणाला देत नाहीत. ती चादर मी विहिरीच्या पाण्यात धुतली, वाळवली, घडी केली. पिवळट पट्टे उमटले, आणि वास तर पिशवीतूनही येत होता. मामंजींना काही सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, "कळू दे."

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. गल्लीतले सगळे आले, मामंजीही धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. आमची पाळी आल्यावर मी समितीच्या टेबलावर चादर पसरली. पहिल्या दोन खुर्च्या मागं सरकल्या. कुणीतरी खिडकी उघडली.

बाईंनी चादरीला हात लावून बघितला आणि सरळ प्रश्न विचारला. "हे तुमच्याच विहिरीत धुतलंय, वरून काही ओतलेलं नाही, हे मी कशावरून धरू?" प्रश्न रास्त होता. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. "आजोबा, तुमचा शब्द इथं सगळे मानतात. हे तुमच्या दुकानातलं धुणं आहे का?"

मामंजी उठले. टेबलापाशी आले. चादरीवरच्या पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मला वाटलं, आता तरी.

"नाही," ते म्हणाले. "असं धुणं आमच्या दुकानातून जात नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पेन उचललं. एवढे महिने वाहून आणलेलं पाणी माझ्या डोक्यात उकळायला लागलं. हा माणूस माझा सासरा आहे, वडीलधारा आहे, मला लेकीसारखं वागवलंय, हे सगळं मला आठवत होतं, आणि तरीही मी बोलले.

"कोपरा बघा," मी म्हणाले. चादरीचा कोपरा उलटा केला. मग तिच्याखालच्या, समितीच्याच टेबलक्लॉथचा कोपरा उलटा करून शेजारी धरला. शाळेची कापडं आमच्याकडेच येतात. दोन्हीकडे गोल, गोलात टिंब. "ही खूण यांच्या हातची आहे. मामंजी खोटं बोलताहेत. विहीर त्यांनी धुतली, तुम्ही येणार म्हणून."

कुणी हसलं नाही. मामंजींनी दोन्ही कोपरे पाहिले आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसले. त्यांना भर सभेत खोटं ठरवणारी मी, त्यांची सून. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

बाईंनी लिहिलेलं खोडलं. "उद्या परत पाहणी करू," त्या म्हणाल्या, आणि मग जरा हळू आवाजात, "आणि आजोबा, कृपा करून विहीर धुऊ नका."

दुसऱ्या दिवशी पाहणी झाली, आणि यादीत आमची गल्ली आली. नळ यायला अजून काही महिने लागणार होते. बेकरीवाला पाव घेऊन आला आणि माझ्याशी बोलायला लागला. मामंजी बोलेनात. जेवले, दुकानात बसले, कपड्यांना खुणा केल्या, पण माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मीही हट्टाला पेटले होते. चूक त्यांची आणि तोंड लपवायचं मी, हे मला पटत नव्हतं.

मग एका सकाळी मी पाणी घेऊन आले, तर ते गल्ल्यापाशी उभे होते. समोर इस्पितळातल्या नर्सबाई, हातात गणवेशांचं गाठोडं. मामंजींनी ते घेतलं नाही.

"आमच्या विहिरीत डिझेल आहे, बाई," ते म्हणाले. "नळ येईपर्यंत दुसरीकडे टाकायचे असले तर टाका. आमची तक्रार नाही."

"कधीपासून आहे?"

"पाइप फुटल्यापासून."

नर्सबाईंनी गाठोड्याकडे बघितलं. "मग माझे कपडे एवढे दिवस स्वच्छ कसे येत होते?"

मी दारात ड्रम धरून उभी होते. मामंजींनी माझ्याकडे बघितलं, सभेनंतर पहिल्यांदा.

"ते मला काय विचारता," ते म्हणाले. "पाणी माझी सून आणते. तिचे खांदे गेलेत, आणि मी गल्ल्यावर बसून माझी अब्रू सांभाळत होतो."