सुग्रीव मास्तरांचा थांबा

मित्रांनो, जरा जवळ बसा. मी एक जुनी बाजाची पेटी आहे, तलवाड्याच्या सुग्रीव मास्तरांच्या घरातली. वय मात्र विचारू नका! मास्तरांच्या वडिलांनी मला आणलं, तेव्हा मास्तर रांगत होते. वडील गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करीत. पारावर सगळ्या जातीधर्माचे लोक मांडी घालून ऐकत आणि मी भाता फुगवून मिरवत असे.

पुढे मी मास्तरांच्या हाती आले. एका नाताळात गाणी म्हणत फिरताना मी बैलगाडीतून धाडकन पडले आणि माझी मधली एक पट्टी मुकी झाली. "हाकेला धावतो येशू माझा" हे मास्तरांचं लाडकं गाणं, आणि 'येशू'च्या आधीचा सूर नेमका त्याच पट्टीचा! मास्तर शाळेच्या कामात. दुरुस्तीला आज नेतो, उद्या नेतो, असं करत वर्षं गेली. त्या जागी ते हात थांबवून श्वास घ्यायचे आणि मग 'येशू' म्हणायचे. मुलं, सुना, नातवंडं, सगळी तसंच थांबत गाणं शिकली.

गेल्या वर्षी मास्तर प्रभूकडे गेले. मला फार एकटं वाटलं. वर्षाच्या आठवणीची प्रार्थना ठरली, तेव्हा नातू अभिमन्यू म्हणाला, "कीबोर्ड आणू. ही कुठं धड वाजती? टाका माळ्यावर."



"एकदा दुरुस्त करून बघू," नात प्रियदर्शनी म्हणाली. "न्हाई जमलं तर मग टाक."

तिने मला अंबाजोगाईला नेलं. कारागिराने आतली तुटकी सुराची पत्ती बदलली आणि मी ठणठणीत झाले.

प्रार्थनेच्या दिवशी घर माणसांनी भरलं. प्रियदर्शनी वाजवू लागली. 'हाकेला धावतो' झालं आणि सगळे थांबले. मी एकटीच त्या शांततेत मोठ्याने वाजले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

"बघा, सगळा घोळ केला हिनं," अभिमन्यू म्हणाला.

मास्तरांच्या पत्नी, बायनाबाई, कोपऱ्यातून बोलल्या, "आरं, पेटीला कावून बोलतोस? तिथं तुज्या आज्याचा दम हाय. पोरी, तिथं बोट उचल."

गाणं पुन्हा सुरू झालं. त्या जागी बोट उचललं गेलं. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. अभिमन्यूने डोळे पुसले आणि पुढे सरकून माझा भाता आपल्या हाती घेतला.

"आजी," तो म्हणाला, "पेटी हितंच ऱ्हाऊ द्या."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना दुरुस्तही करा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. माझी ती पट्टी आता खणखणीत वाजते. तरी त्या गाण्यात, त्या जागी, मी आनंदाने गप्प बसते. तिथं मास्तर श्वास घेतात.