जहाजाच्या पोटातला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. दोन पाय, मध्ये एक स्प्रिंग, बस्स. पण मला भेटायला आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही. मी एका जहाजाच्या पोटात राहतो. जहाज हातभर लांब आहे, त्याला तीन डोलकाठ्या आहेत आणि त्याच्या आत माझ्याशिवाय कोणीही राहत नाही. एवढा मोठा बंगला मला एकट्याला कसा मिळाला, ते आता ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. भावंडांबरोबर मला एका पुठ्ठ्यावर ओळीने लावले आणि दुकानात टांगून ठेवले. एके दिवशी एका गृहस्थांनी मला दाबून पाहिले, स्प्रिंगचा आवाज कान देऊन ऐकला आणि मगच दुकानदाराला म्हणाले, "हे द्या." न दाबता चिमटे विकत घेणारी माणसे मला आजही आवडत नाहीत.

हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामातून निवृत्त झाले होते. घरातल्या धुण्याचे खाते त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतले होते. त्यांची बायको इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून यांना आपोआप मिस्टर म्हणू लागले. मिस्टरांचे नियम कडक होते. शर्ट खांद्याला पकडायचा नाही, खालच्या कडेला पकडायचा, नाहीतर खांद्यांना शिंगे फुटतात. मोजे नेहमी जोडीने. वाऱ्याच्या दिवशी चादर धरून ठेवायचे काम ते माझ्यावर सोपवत, तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत कोणीतरी माझ्या मदतीने गरम झाकण उचलले आणि मला शेगडीजवळच ठेवून दिले. माझा एक पाय काळा पडला आणि मिस्टर मला 'करपलेला' म्हणू लागले. नाव काही फार चांगले नव्हते, पण इतर चिमट्यांना तेवढेही नव्हते.

पुढे माझी स्प्रिंग ढिली झाली. एकदा माझ्या हातून ओला टॉवेल सुटला आणि खाली बाकावर पेपर वाचत बसलेल्या शेजाऱ्यांच्या डोक्यावर पडला. त्यांनी सगळी इमारत डोक्यावर घेतली. त्या दिवशी मिस्टरांनी मला दोरीवरून उतरवले आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. डब्यात एकटी पडलेली बटणे, तुटके हुक आणि माझ्यासारखे आणखी काही ढिले चिमटे होते. बाहेर चादरी फडफडत आणि मी आत बसून ऐकत असे. खरे सांगतो मित्रांनो, मला फार वाईट वाटायचे.

त्याच सुमारास सिस्टरही निवृत्त झाल्या. थिएटरमधल्या मंडळींनी त्यांना निरोपाची भेट म्हणून एक खोके दिले. वर डौलदार जहाजाचे चित्र आणि आत नुसत्या काड्या, फळ्या नि दोऱ्याची रिळे. मिस्टरांनी खोके उलटसुलट करून पाहिले.

"यात जहाज कुठाय?"

"तेच तर करायचंय," असे म्हणून सिस्टरांनी खोके कपाटावर ठेवले आणि ते तिथेच राहिले.

सिस्टर सवयीने पहाटेच उठत, केस विंचरून, आवरून खुर्चीत बसत आणि मग कुठे जायचे नाही हे त्यांच्या लक्षात येई. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मी जरा उशिरा पोचले तर अख्खं थिएटर खोळंबायचं. आता कुठेच कुणी माझी वाट बघत नाही." मिस्टरांनी स्वच्छ असलेली चादर पुन्हा धुवायला घेतली.

शेवटी मिस्टरांनीच शोध लावला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे दर रविवारी लाकडी जहाजे बांधणारी हौशी मंडळी जमत. मिस्टरांनी सिस्टरांना खोक्यासकट तिथे नेऊन सोडले. परत आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी जेवणाचे टेबल रिकामे केले, आणि मित्रांनो, पुढे कित्येक महिने त्या घरात कोणी टेबलावर जेवले नाही.

त्या मंडळींचे म्होरके कप्तान. पेशाने न्हावी, समुद्र त्यांनी फक्त चित्रात पाहिलेला. पण जहाज बांधावे तर त्यांनीच. त्यांनी शिकवले तसे सिस्टर करू लागल्या. आधी जहाजाचा कणा, त्याला फासळ्या, मग फासळ्यांवर पट्ट्या. पट्टी कोमट पाण्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची, गोंद लावून बसवायची आणि वाळेपर्यंत दाबून धरायची. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे, कारण एकाच बाजूने लावत गेले तर जहाज तोंड वाकडे करते.

"कणा आहे, फासळ्या आहेत, हा तर पेशंटच आहे की!" सिस्टर म्हणायच्या आणि सकाळ-संध्याकाळ राउंड घ्यायच्या.

आता पट्ट्या दाबून धरायच्या म्हणजे चिमटे हवेत. एका सकाळी मिस्टर ओला शर्ट हातात घेऊन गॅलरीत उभे राहिले आणि त्यांना दोरीवर एकही चिमटा दिसला नाही.

"अगं, माझे चिमटे कुठे गेले?"

"ड्युटीवर आहेत."

"आणि मी हा शर्ट काय हातात धरून वाळवू?"

"वाळेल हो. आज ऊन चांगलंय."

दोन दिवस घरात अबोला होता. मग तह झाला. चांगले चिमटे मिस्टरांचे आणि डब्यातले ढिले सिस्टरांचे. डब्याचे झाकण उघडले आणि माझ्यावर पुन्हा उजेड पडला.

आणि गंमत पाहा. नव्या चिमट्यांची पकड इतकी करकचून असे की ओल्या मऊ पट्टीवर त्यांचे दात उमटत. माझी पकड ढिली. मी पट्टी सुटूही देत नसे आणि तिला दुखावतही नसे. सिस्टरांनी पट्टीवरून बोट फिरवले आणि मिस्टरांना हाक मारली. "अहो, हा तुमचा करपलेला बघा, किती हलक्या हाताचा आहे!" ज्या ढिलेपणापायी मला डब्यात टाकले, त्याचेच आता कौतुक चालले होते. तेव्हापासून जहाजाच्या पुढच्या टोकाशी, जिथे पट्टीला सगळ्यात अवघड वळण घ्यावे लागते, तिथे मी आणि मीच. मी जरा चढूनही गेलो होतो, ते आता लपवत नाही.

काम असे रंगले असताना एक दिवस सिस्टरांनी जहाजाच्या आतल्या बाजूला एक लहानशी आधाराची पट्टी लावली आणि ती धरायला मला आत बसवले. तेवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. त्यांनी तिला फोनवरून जहाज दाखवले, फासळ्या दाखवल्या, कप्तानांच्या गोष्टी सांगितल्या. बोलणे संपले तेव्हा त्या इतक्या आनंदात होत्या की तशाच वरचे डेक बसवायला लागल्या. बारीक बारीक फळ्या शेजारी शेजारी, मध्ये केसाएवढी रेघ. त्याहून सुंदर काम त्यांनी आयुष्यात केले नसेल. शेवटची फळी बसली आणि माझ्याकडे येणारा उजेड बंद झाला. मी आत होतो आणि ते कोणाच्याही ध्यानात नव्हते.

मी पट्टी धरून राहिलो. गोंद वाळला तरी धरून राहिलो, कारण सोड म्हणायला कोणी नव्हते. डोलकाठ्या चढल्या, दोर ताणले गेले, रंग झाला आणि एके दिवशी माझी ढिली स्प्रिंग थकली. हात सुटला आणि मी जहाजाच्या तळाशी पडलो.

टक्.

सिस्टर त्या वेळी जहाजाची धूळ झटकत होत्या. त्यांनी ते हळूच डावीकडे कलते केले. टक्. उजवीकडे केले. टक्.

"अहो," त्यांनी हाक मारली, "तुमचा करपलेला कुठाय?"

मिस्टरांनी डबा पाहिला, दोरी पाहिली, टेबलाखाली पाहिले. मग दोघेही जहाजाकडे पाहत राहिले.

"कापून काढू का? माझ्याकडे बारीक करवत आहे."

"करवत लावलीत ना, तर याद राखा! त्या डेकला हात लावायचा नाही." आणि सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, आयुष्यभर माझं काम काय होतं? टाके घालायच्या आधी कात्र्या मोजायच्या, चिमटे मोजायचे. माझा आकडा जुळल्याशिवाय मोठमोठे सर्जन सुई हातात घ्यायचे नाहीत. एकदाही चूक झाली नाही माझी. आणि आता घरच्या जहाजात चिमटा ठेवून पोट शिवलं मी!"

मित्रांनो, हे सगळे घडले ते नेमके हात फिरवायच्या रविवारच्या तोंडावर. त्या मंडळींची एक पद्धत होती. नव्या माणसाचे पहिले जहाज मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवायचा. डोळे फसतात, बोटे फसत नाहीत, असे कप्तानांचे म्हणणे. कोणाचाही हात अडला नाही तर त्या जहाजाला खिडकीजवळच्या फळीवर जागा मिळे आणि माणसाला खोलीची किल्ली. सिस्टरांचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. जिथे आपली वाट पाहिली जाते अशी एक जागा त्यांना हवी होती.

"सपाट धरून नेऊ," मिस्टर म्हणाले. "हललंच नाही तर वाजेल कसं?"

त्यांनी जहाज कपड्यांच्या टोपलीत, टॉवेलांच्या गादीवर ठेवले. टोपली मला चांगलीच ओळखीची होती. पाण्याने काठोकाठ भरलेले पातेले न्यावे तसे मिस्टर ती टोपली घेऊन रस्त्याने चालले आणि जिना चढले. मी श्वास रोखून, एका अंगावर पडून होतो. माझ्यामुळे त्या बाईंची जागा जाऊ नये, एवढेच मला वाटत होते.

खोलीत सगळे जमले होते. आधी बस चालवणाऱ्या ड्रायव्हरबाईंनी हात फिरवला. मग दातांच्या डॉक्टरांनी. हे डॉक्टर नीटनेटकेपणासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या जहाजावर गोंदाचा एक ठिपका शोधून दाखवा, अशी त्यांची पैजच असे. त्यांची बोटे पुढच्या टोकाशी आली, माझ्या वळणावर थांबली आणि पुढे सरकली. शेवटी कप्तान. कप्तानांना हल्ली कमी दिसे, त्यांनी डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखेच. त्यांनी जहाजाच्या गालावरून, दाढी करून झाल्यावर पाहतात तसा, हात फिरवला.

"गुळगुळीत," ते म्हणाले. "खिडकीजवळची जागा मोकळी करा रे!"

टाळ्या वाजल्या. मिस्टरांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तो मला आत ऐकू आला. ड्रायव्हरबाईंनी किल्ली पुढे केली आणि सिस्टरांनी ती घेतली नाही.

"थांबा. आत काहीतरी राहिलंय."

"अगं…" मिस्टर पुटपुटले.

"नाही हो. आत काही राहिलं तर ते सांगायचं असतं. टाके घालून गप्प बसायचं नसतं." त्यांनी जहाज दोन्ही हातांनी उचलले आणि कलते केले.

टक्.

"चिमटा आहे," सिस्टर म्हणाल्या. "कपड्यांचा. मी विसरले."

खाली सायकलवाल्याचा पंप चालला होता. मग कप्तान उठले. चाचपडत भिंतीशी गेले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून स्वतःचे जहाज उतरवले. ज्याच्याकडे बघून बाकीचे सगळे शिकले, ते हे जहाज. त्यांनी ते सिस्टरांच्या हातात दिले.

"हलवा."

खुळुक्.

"माझा चष्मा," कप्तान म्हणाले. "घरभर शोधला. सापडला तेव्हा वर डेक बसलं होतं. बायकोला सांगितलं, बसमध्ये राहिला. आजवर जिवंत माणसाला बोललो नाही."

"माझ्या बसच्या नावावर खपवलंत होय!" ड्रायव्हरबाई उसळल्या आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मुकाट्याने आपले जहाज आणले आणि हलवले. आत काहीतरी किणकिणले. "घराची किल्ली. मी दाराचं कुलूप बदललं, पण डेक नाही उघडलं."

मग जे हसू फुटले, ते काही केल्या थांबेना. जो तो आपापले जहाज कानाशी धरून हलवत होता, खोलीभर टकटक, खुळखुळ, किणकिण चालली होती, आणि मित्रांनो, त्या गलक्यात सगळ्यात खणखणीत आवाज माझा होता. सिस्टर हसता हसता रडत होत्या, आणि मिस्टर खिशात नसलेला रुमाल शोधत होते.

दातांचे डॉक्टर तेवढे कोपऱ्यात उभे होते. त्यांनी आपले जहाज हलवले. आवाज नाही. पुन्हा हलवले. कान लावला. त्यांचे तोंड एवढेसे झाले.

"माझ्यात काहीच नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मी टाकतो काहीतरी."

"मुद्दाम टाकलेलं चालत नाही, डॉक्टर," कप्तानांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "त्यासाठी इतकं रमावं लागतं की विसरायला होतं. होईल तुम्हालाही!"

तेव्हापासून मी खिडकीजवळ आहे. ऊन आले की लाकूड तापते आणि मला दोरीवरचे दिवस आठवतात. मला कोणी दाबत नाही, कोणी ओल्यात ठेवत नाही, आणि मी सुटलो म्हणून आता कोणाच्या डोक्यावर काही पडतही नाही. सिस्टर दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडतात. एकदा त्यांना यायला थोडा उशीर झाला, तेव्हा सगळी मंडळी जिन्यात बसून राहिली होती. दार उघडताना सिस्टर त्यांना बराच वेळ रागावत होत्या, पण त्यांच्या आवाजात राग औषधालाही नव्हता.

मित्रांनो, जाता जाता माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातही एखादा पत्र्याचा डबा असेल. त्यातल्या ढिल्या, करपलेल्या मंडळींना कधीतरी बाहेर काढा. घट्ट पकडणारे पुष्कळ असतात, पण कुठेतरी कोणाला हलक्या हाताची गरज असते. आणि या खोलीत आलात तर आधी हात धुवा, जहाज दोन्ही हातांनी धरा आणि अगदी थोडेसे कलते करा.

मिस्टर तसेच करतात. रविवारी सिस्टरांना सोडायला आले की ते खिडकीशी येतात, इकडेतिकडे बघतात आणि जहाज हळूच एका बाजूला झुकवतात.

"काय रे करपलेल्या, ड्युटीवर आहेस ना?"

टक्.