दोरीवरची गोधडी

पंकजा चित्रं काढायची आणि कपाटात कोंडायची. बँकेच्या काउंटरवर दिवसभर शंभर माणसांशी बोलणारी बाई, पण कोणी तिच्या कागदात डोकावलं की ओढणी लगेच कागदावर. ओढणीला निम्मे डाग त्यामुळेच पडलेले. आता मात्र पंचाईत होती. तिच्या रविवारच्या चित्रगटाचं संध्याकाळी प्रदर्शन होतं, आणि त्याच दिवशी रस्त्यावर बसून काढलेलं चित्र मांडायचं होतं. दर वेळी काहीतरी सबब सांगून निसटणारी पंकजा या वेळी सगळ्यांसमोर हो म्हणून बसली होती.

म्हणून सकाळीच तिने नगरच्या माळीवाड्यातल्या एका गल्लीत स्टूल टाकलं. समोर बनुबाईंचं दार आणि दारापुढच्या दोरीवर वाळत घातलेली गोधडी. जुन्या लुगड्यांचे लाल, जांभळे, विटके हिरवे तुकडे आणि कोपऱ्यात चक्क शाळेच्या खाकी चड्डीचं ठिगळ. पंकजा त्या गोधडीवर भाळलीच. दार, भिंत, शेजारी बन्सीच्या दुकानापुढची सायकल, सगळं रंगवून तिने गोधडीची जागा कोरी ठेवली. मग रंग वाळेपर्यंत कोपऱ्यावर चहाला गेली, चित्र अर्थातच ओढणीखाली घेऊन.

परत येते तर गोधडी गायब. ओटा धुतलेला, दारात रांगोळी, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बनुबाई उंबऱ्यावर ताठ बसलेल्या.

"मावशी, गोधडी कुठे गेली?"

"काढली की. बन्सी म्हनला, बाई तुमच्या घराचं चित्र काढत्यात. फाटकंतुटकं चारचौघांत कशाला दाखवायचं?"

"अहो, तिच्यासाठीच तर मी इथे बसलेय. फाटकी असली म्हणून काय झालं? त्यात लाजायचं काय?"

बनुबाईंनी तिच्या ओढणीकडे पाहिलं. "व्हय? मग तुमी सकाळधरनं काय झाकून बसलाय?"

बन्सी दुकानातून खुदकन हसला. पंकजाच्या कानाची पाळी तापली, तरी तिने ओढणी बाजूला केली.

बन्सी हात पुसत आला आणि चित्रावर वाकला. "सायकल वाकडी आलीय."

"वाकडीच हाय ती," बनुबाई म्हणाल्या आणि गोधडी आणायला आत गेल्या.

पंकजाला हसू आवरेना. इतक्या वर्षांची भीती ती हीच, आणि किती हलकी निघाली. उरलेलं चित्र गल्लीच्या देखरेखीखालीच झालं. खाकी ठिगळ राहिलं तर बनुबाईंनी आठवण केली. त्यांच्या लेकाची, गोरखाची चड्डी होती ती.

शेवटचा रंग भरून थोडा सुकला, तेव्हा बनुबाईंनी चित्र उचललं आणि चिमटे लावून दोरीवर टांगलं, गोधडीच्या शेजारी. येणारेजाणारे थांबून बघू लागले. सवयीने पंकजाचा हात ओढणीकडे गेला. तिने ओढणीला हात पुसले आणि तीही त्यांच्यात जाऊन उभी राहिली.