पाठमोरा बोल्ट

सगळे बोल्ट निघाले, एक राहिला. आणि जो राहायला नको होता, नेमका तोच राहिला.

येडगावात, धरणाच्या अंगाला असलेल्या मच्छिंद्रच्या घरापुढे कालपासून गाडीचं बॉनेट वर करून ठेवलेलं होतं. डायनामोचं बेअरिंग जाम झालं आणि त्यावरून फिरणारा पट्टा जळून गेला. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तशीच रेटायचीही सोय नाही. दोन किलोमीटरात इंजिन उकळायला लागतं. नवा डायनामो आणि नवा पट्टा त्यानं नारायणगावातून आणून ओट्यावर ठेवला होता. पण जुना खाली उतरल्याशिवाय नवा बसवणार कुठे? गॅरेजवाल्याला फोन केला तर तो भाऊबीजेला बहिणीकडे गेलेला. चार दिवसांनी बघू, म्हणाला, आणि वर दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

मच्छिंद्रनं बारा वर्षं एका कंपनीची बस चालवली होती. किरकोळ काम हाताला येत होतं. जुना डायनामो दोनच बोल्टांवर टांगलेला. वरचा तर चहा निवायच्या आत निघाला. खालचा लांब बोल्ट मात्र कुणीतरी सूड उगवावा तसा बसवला होता. त्याचं डोकं पलीकडे, पत्र्याच्या बाजूला. पुढून बघितलं तर त्याचं नुसतं शेपूट दिसायचं. डोक्यापर्यंत जायचं तर गाडीखाली उताणं पडून, इंजिन आणि पत्रा यांच्या फटीतून हात वर घालायचा, चौदाचा पाना चाचपडत बसवायचा आणि जीव खाऊन ओढायचा. पाना सटकला की बोटांची सालं निघायची. फोनवर एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ होता. तो हसतमुखानं सांगत होता की आता फक्त हा बोल्ट काढून घ्या, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या हातात डायनामो होता. मधलं सगळं त्या गृहस्थानं गिळून टाकलं होतं. सकाळी हिराला, बायकोला, मच्छिंद्र वैतागून हेच म्हणाला होता की, बोल्टाचं डोकं पार पलीकडं करून ठेवलंय बनवणाऱ्यांनी, माणसानं काढायचा कसा.

ते ऐकायला हिरा एकटीच नव्हती. कडुनिंबाखालच्या बाजेवर सोनबा, मच्छिंद्रचे वडील, पडलेले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं उरलं. शब्द यायचा, पण वाटेत कुठेतरी अडकून. मग ते डाव्या हातानं खुणा करायचे.

हा सगळा खटाटोप आबांसाठीच होता. मच्छिंद्रचा थोरला भाऊ सोमनाथ अजून मेंढरं राखून होता. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि माणसं मिळून सगळा संसार, कोकणात उतरायचा. उतरायच्या आदल्या दिवशी म्होरकी मेंढी समोर आणायची, घरातल्या थोरल्यानं तिच्या पाठीवर हात ठेवून भंडारा लावायचा, मग वाडा हलवायचा, अशी त्यांच्या घरची रीत. चाळीसएक वर्षं तो हात आबांचा होता. गेल्या वर्षी आबा दवाखान्यात होते, म्हणून सोमनाथनं स्वतःच हात ठेवला. त्या खेपेला घाटात नऊ मेंढरं एका ट्रकखाली गेली. सोमनाथ त्यावर एका शब्दानं बोलला नाही. पण आबांनी ते मनाला लावून घेतलं, आणि तेव्हापासून त्यांचं एकच मागणं होतं.

आज वाडा पेठला होता, हमरस्त्यालगतच्या एका शेतात बसलेला. उद्या दिवस उगवायला हलणार. दुसऱ्या कुणाची गाडी चालणार नव्हती. आबांना बसता येत नव्हतं, आणि मच्छिंद्रनं मागच्या सीटा काढून गादी टाकलेली अशी ही एकच गाडी होती. पंधरा दिवसांपूर्वी वाडा निरगुडसरला होता; रीत तेव्हाच उरकली तरी चाललं असतं, आणि गाडीही धडधाकट होती. तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, रविवारी जाऊ. रविवारी त्याची पाठ धरली. मग दिवाळी आली. खरं सांगायचं तर पाठ काही फार धरली नव्हती. आबांना उचलायचं, गाडीत घालायचं, वाटेत सावरायचं, परत उतरवायचं, हे सगळं नुसतं डोळ्यांपुढे आलं तरी त्याच्या अंगातलं बळ जायचं. वर्षभर तो सलग झोपला नव्हता. दर दोन-तीन तासांनी आबांची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. परवा गाडी बंद पडली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या लक्षातही आलं होतं, आणि त्याच रागानं तो कालपासून त्या बोल्टाच्या मागे लागला होता.

सकाळी त्यानं रॉकेल ओतून बघितलं. हातोडीनं ठोकून बघितलं. शेजारच्या संपतकडून हातभर लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांड्यात अडकवला आणि दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढला. पाना केसभर हलला असं वाटलं. परत ओढला. परत वाटलं. तिसऱ्या खेपेला वाटलंही नाही.

अकराच्या सुमारास बाजेवरून खूण आली. आबांनी डावा हात वर केला आणि मनगट गर्रकन उलटं फिरवलं. ही खूण मच्छिंद्रला झोपेतही कळायची. कूस बदल. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, हाताला राख चोळली, पाणी ओतलं, आबांना उजव्या कुशीवरून पाठीवर घेतलं, गुडघ्याखाली उशी सरकवली आणि परत गाडीखाली गेला. पाना बोल्टावर बसायलाच पाच मिनिटं गेली. बसला, तर परत हात वर. मनगट उलटं. परत राख, परत पाणी, आता उजवीकडून उशीचा आधार देऊन. आबांनी मान हलवली. नाही. तोंडातून काहीतरी आलं, 'उ... उल...' एवढंच. मच्छिंद्रनं ओठ पुसले, पाणी पाजलं, डोक्याखालचं धडपं सारखं केलं.

असं बारापर्यंत चार वेळा झालं. पाचव्यांदा तो उठलाच नाही. गाडीखालूनच, बोटातून रक्त येत असताना म्हणाला,

"आबा, आता गप पडा जरा. किती येळा फिरवू तुमाला? ह्यो बोल्ट बघू का तुमाला बघू?"

बाजेचं एक लाकूड करकरलं, मग थांबलं. मच्छिंद्रनं गाडीखालून बघितलं तेव्हा आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तेवढं त्यांना स्वतःचं स्वतः करता येत होतं.

हिरा टोमॅटोच्या तोडणीवरून जेवायला आली ती या शांततेत. तिनं दोघांकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मच्छिंद्रनं सगळं सांगितलं, स्वतःची बाजू जरा जास्तच लावून. हिरानं पदरानं घाम पुसला. ती म्हणाली, कूस तर मी कामाला जाताना बदलली, तुमी परत बदलली, चारचारदा कोन मागंल. माणूस दुसरं काही सांगत असंल. आणि विचारलं का तुमी, का नुसतं उलथं-पालथं केलं? एवढं बोलून ती भाकरी टाकायला आत गेली.

मच्छिंद्र उठला आणि बाजेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. म्हणजे आबांना तोंड फिरवायला जागा राहिली नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "काय सांगत व्हता?"

आबांनी डाव्या हातानं त्याची मूठ धरली आणि स्वतःच्या छातीपाशी ओढली. मूठ वळवून अंगठा स्वतःकडे केला. शब्द एकेक करून, वजन उचलावं तसे आले.

"कोकरू... अडलं. हात आत. डोळं मिटलेलं." ते थांबले, श्वास घेतला. "त्वांड आपल्याकडं. त्याचा उजवा... आपला डावा. आपलं म्हून वढलं... तर मरतं."

मच्छिंद्रला हे ठाऊक होतं. लहानपणी त्यानं कितीदा बघितलं होतं. अडलेल्या मेंढीच्या मागे आबा बसायचे, कोपरापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, आणि स्वतःशी पुटपुटायचे, हा त्याचा उजवा, हा त्याचा डावा. कोकराच्या जागी स्वतः जाऊन ते त्याला बाहेर आणायचे. पण याचा बोल्टाशी काय संबंध ते त्याला कळेना.

आबांनी गाडीकडे बोट केलं.

"त्याचं त्वांड... तिकडं हाय ना?"

आणि मनगट उलटं फिरवलं.

बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो, हे मच्छिंद्रच्या हाताला इतकं पाठ होतं की तो कालपासून डावीकडेच ओढत होता, आपल्या डावीकडे. पण बोल्टाचं डोकं पलीकडे होतं. आपला डावा म्हणजे त्याच्या समोर उभं राहून बघणाऱ्याचा उजवा. रॉकेल ओतून, ठोकून, हातभर पाइप लावून, बोटांची सालं काढून घेऊन तो कालपासून तो बोल्ट आवळत होता. सकाळी बोल्टाचं डोकं पलीकडे आहे म्हणून शिव्या घातल्या त्या त्यानंच, आणि त्याचा अर्थ लावला तो बाजेवर पडलेल्या माणसानं. सकाळपासून ते हेच सांगत होते, आणि दर वेळी त्यानं त्यांनाच उलटं केलं होतं.

त्याला हसू आलं नाही. हसण्यासारखं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. तो नुसता म्हणाला, "मी लई येडा हाय, आबा." आबांनी त्यावर नाही म्हटलं नाही.

इतकं आवळून ठेवलेलं आता सहज थोडंच सुटणार होतं. त्यानं परत रॉकेल ओतलं, गाडीखाली पडला आणि या वेळी डोळे मिटले. मनानं इंजिनच्या पलीकडे गेला, पत्र्याला पाठ लावून उभा राहिला, बोल्टाच्या तोंडाकडे बघितलं. हा त्याचा डावा. पाना बसवला, पाइप अडकवला आणि ओढला. तिसऱ्या झटक्याला कट्कन आवाज आला. आधी त्याला वाटलं बोल्ट तुटला. पण पाना सैल फिरत होता. बाजेवरून घशातला एक आवाज आला, मेंढरं हाकताना आबा काढायचे तसला. हिरा चुलीपुढून पिठाच्या हातांनी दारात आली.

नवा डायनामो बसवून, पट्टा ताणून, पाणी भरून गाडी चालू करेपर्यंत साडेतीन वाजले. मग हिरानं आणि त्यानं आबांना गोधडीत घेऊन उचललं. उजवा खांदा दुखू नये म्हणून डाव्या कुशीवर झोपवलं, पाठीला उशा लावल्या. भंडाऱ्याची पिशवी आबांच्या उशाशी ठेवली. नारायणगाव गेलं, कळंब गेलं. हिरा पुढच्या सीटवर डोकं टेकवून झोपी गेली. मंचरला गर्दीत गाडी थांबली तेव्हा मच्छिंद्रनं आरशात बघितलं. आबा जागे होते.

इतकं मोठं काही बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, पण दमलेल्या माणसाच्या तोंडाला दार राहत नाही.

"आबा, परवा गाडी बंद पडली ना, तवा मला बरं वाटलं व्हतं."

पुढची गाडी हलली. त्यानं गिअर टाकला. उत्तर येणार नाही असं धरून तो समोर बघत राहिला.

"ठावं हाय," आबा मागून म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "चाल."

पेठला पोहोचले तेव्हा दिवस बुडायला आला होता. मेंढरं चरून परत आली होती आणि सोमनाथची बायको जया जाळी लावून त्यांना आत घेत होती. सोमनाथ धावतच गाडीपाशी आला. त्याला खरं वाटत नव्हतं. आता कोण येतंय म्हणून त्यानं मघाशीच भंडारा काढून ठेवला होता, स्वतः लावायला. तो काही न विचारता वळला आणि म्होरक्या मेंढीला शिंगाला धरून मागच्या दारापाशी घेऊन आला. मेंढीनं गाडीत तोंड घातलं, गादीचा वास घेतला. सगळे आबांकडे बघत राहिले.

आबांनी मेंढीकडे बघितलं. मग अंगाखालून डाव्या हाताची बोटं तेवढी बाहेर काढली आणि मनगट उलटं फिरवलं.

सोमनाथनं मच्छिंद्रकडे बघितलं. मच्छिंद्रला काही सुचेना. मेंढी फिरवायची? गाडी फिरवायची? वाडा दुसऱ्या वाटेनं न्यायचा? सकाळी एकदा चुकलं होतं, परत चुकायचं नव्हतं. तो गाडीत चढला, आबांच्या कानाशी वाकला आणि विचारलं.

"आबा, काय फिरवू?"

"मला," आबा म्हणाले. "कूस बदल. हात अडकलाय."

आधी जया हसली, मग सोमनाथ, मग हिराही. चालणारा तेवढा डावा हात अंगाखाली, मेंढीवर ठेवणार काय? मच्छिंद्र आबांच्या मागे गुडघ्यांवर बसला. उजव्या खांद्याखाली त्यानं आपले दोन्ही हात घातले, खांदा गादीला टेकू नये म्हणून उचलून धरला, आणि आबांना हळूच पलटवलं. मोकळा झालेला हात आबांनी पिशवीत घातला, पिवळा करून बाहेर काढला आणि मेंढीच्या पाठीवर, लोकरीत बोटं रुतवून ठेवला. ते काहीतरी पुटपुटत होते. मेंढी हलली नाही.

बराच वेळ गेला. आबांचं सगळं वजन मच्छिंद्रच्या सोललेल्या हातांवर होतं, आणि हात भरून आले होते. झालं का, असं त्यानं विचारलं नाही.