कुलूपवही

"चौदा साइटी, चौदा पासवर्ड, आणि सगळे त्या धाकटीच्या वहीत! उद्या ती आजारी पडली तर आपण काय दुकानात माश्या मारायच्या?"

धाकटी म्हणजे मी. डोळे तपासायची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी आहे, बस्स. फळीपलीकडे भाऊजी, माझे थोरले दीर, आमच्या यांच्या कानात कुजबुजत होते. भाऊजींची कुजबुज समोरच्या न्हाव्यालाही ऐकू जाते. हे म्हणाले, "हं." लग्नाला बावीस वर्षं झाली, पण थोरल्या भावापुढे यांची गाडी "हं"च्या पुढे गेलेली नाही.

मी फ्रेमचा स्क्रू पिळत राहिले. जरा जास्तच पिळला गेला.

ठरलं होतं ते असं: सोमवारपासून कॉम्प्युटरवर भाऊजींच्या मित्राची सून बसणार. शिकलेली, कोर्स केलेली. मी मागच्या खोलीत, भिंगं घासायला. आज ती काम बघायला आली होती आणि वही मी तिच्या हवाली करायची होती.

मला कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं कीबोर्डवर शोधत बसायची, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. तक्ता असा पाठ झाला की आता माझ्या डोळ्यांचा नंबर देवालाही काढता येणार नाही. मग एकेक साइट आली. फ्रेमवाल्यांची, भिंगवाल्यांची, कराची, विम्याची. प्रत्येकीचे नखरे वेगळे. एकीला मोठं अक्षर हवं, दुसरीला दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड. नव्या नवरीचे लाड परवडले! पण एवढ्या वर्षांत एकही साइट माझ्यावर रुसून बंद पडली नाही. ही गोष्ट मी स्वतःशीच पुष्कळदा बोलले आहे. दुसरं कुणी बोलेना, म्हणून.

"काकू, यात पासवर्ड कुठेत?" सूनबाईने वही उलटीपालटी केली.

"नाहीतच. वही चोराच्या हाती पडली तर? नुसते प्रश्न आहेत. उत्तर इंग्रजी अक्षरांत लिहायचं, पुढे दुकान सुरू झालं ते साल. उत्तरं घरच्यांना ठाऊक असतात."

"मग झालंच की," भाऊजी खुर्ची ओढत म्हणाले. "आम्ही घरचेच. तू बस तिकडे."

मी बसले तिकडे.

"फ्रेमवाले," सूनबाईने वाचलं. "भाऊजी टोपीखाली काय..." ती थांबली.

"टक्कल," हे म्हणाले. त्या दिवसातला यांचा पहिला पूर्ण शब्द. साइट उघडली.

"कराची साइट," तिने पुढचं वाचलं. "हे कशाला घाबरतात?"

"पाल!" भाऊजींनी लगेच वसुली केली. तीही उघडली. दोघे भाऊ खूश, जणू वही त्यांनीच लिहिली होती.

तेवढ्यात बसचे ड्रायव्हर आले. तुटलेला चष्मा रुमालात बांधून आणला होता. गुरुवारी डेपोत त्यांच्या डोळ्यांची तपासणी. जाड भिंगं, आज एकच्या आत ऑर्डर गेली तरच बुधवारी हातात येणार. घड्याळात बारा वीस झाले होते.

"भिंगवाले," सूनबाईने वाचलं. "दुकान कोण चालवतं?"

"घ्या! हे काय विचारणं झालं?" भाऊजींनी स्वतःचं नाव सांगितलं.

चुकलं. चार संधी बाकी.

मग यांचं नाव झालं. मग सासऱ्यांचं. "देव चालवतो, दुसरं कोण!" म्हणून भाऊजींनी देवही घालून पाहिला. देवही चुकला.

"एकच संधी राहिलीय," सूनबाई हळूच म्हणाली. "मग खातं बंद. उघडून घ्यायला दोन दिवस."

ड्रायव्हर रुमालाची गाठ सोडत होते, पुन्हा बांधत होते. पावणेएकला मी सांगणारच होते. त्यांची बस माझ्या मानापेक्षा मोठी. पण तोवर दहा मिनिटं होती, आणि ती दहा मिनिटं मला हवी होती. सहा वर्षांपूर्वी हा पासवर्ड ठेवताना मी मनाशी हसले होते, की याचं उत्तर या घरात कुणीच देणार नाही. याहून भक्कम कुलूप कुठलं?

हे मान खाली घालून फरशी बघत होते. यांना ठाऊक होतं; यांचे कान लाल झाले होते. "दादा," हे म्हणाले, आणि पुढे गाडी अडली.

"वहिनींनाच विचारा ना," ड्रायव्हर माझ्याकडे बोट करत म्हणाले. "एरवी आम्ही सगळे त्यांनाच विचारतो."

भाऊजींनी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. मग फळीकडे पाहिलं, माझ्या टेबलाकडे, माझ्या हातातल्या स्क्रूकडे. आणि घरातही कधी न काढलेली टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली.

"विचारायचं काय त्यात," ते म्हणाले. या खेपेला आवाज खरंच हळू होता. न्हाव्याला नक्की गेला नसणार. "लिही, पोरी. धाकटी. हे दुकान आमची धाकटी चालवते."