शेवटच्या घराचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. इंदूरमध्ये बहुतेक जण मला तगारी म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. माझ्या बुडाला एक मोठा पोचा आहे. लोकांना वाटतं, मी कुठून तरी पडून चेपलं गेलं असणार. तसं मुळीच नाही, म्हणून तर हे सगळं सांगायचं आहे.

लोखंडी पत्रा साच्यात दाबून मला घडवलं. सियागंजातल्या दुकानातून शालिनीताईंनी मला आणलं. त्या विजय नगरमधल्या कचेऱ्यांना डबे करून द्यायच्या आणि भाड्याच्या एका खोलीत राहायच्या. हातोदच्या रस्त्याला काही कुटुंबं मिळून स्वतःची पक्की घरं बांधत होती, त्यांत त्याही होत्या. मिस्त्री एकटे दिनानाथजी, बाकी सगळी मेहनत घरच्यांची. रविवारी सगळ्यांनी एकाच घरावर राबायचं, अशी तिथली रीत होती. क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा शालिनीताईंचं घर शेवटी आलं.

"कोणी तरी तर शेवटी राहणारच ना," एवढंच त्या म्हणाल्या.

मग प्रत्येक स्लॅबला माझी हजेरी लागली. भरल्या पोटी हातोहात वर जायचं आणि माल ओतून रिकाम्या पोटी खाली यायचं. मला ते फार आवडायचं. संध्याकाळी शालिनीताई मला घासून धुवायच्या आणि पालथं घालायच्या. सिमेंट आत वाळलं की आम्ही जड होतो, आणि तो भार उचलणाऱ्याच्याच मानेवर बसतो. सुरुवातीला सगळेच आपापली घमेली धुवायचे. पुढे ज्यांच्या घराचा स्लॅब टाकून झाला, त्यांची घमेली तशीच लोळत राहू लागली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शालिनीताईंचा रविवार उजाडला. मिक्सर आला, पण माणसं मोजकीच आली. शेजारच्या परेशकडे वास्तुशांत होती, बाकीचे तिथे जमले होते.

"शालिनीजी, इतक्या लोकांत नाही होणार," दिनानाथजी म्हणाले. "छत मधे थांबवली तर जोड राहतो, मग जिंदगीभर गळते. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी याहूनही कमी येतील, हे शालिनीताईंना कळत होतं. भाड्याची खोलीही सोडायची होती.

"तुम्ही मिक्सर सुरू करा," त्या म्हणाल्या.

त्यांनी एका हातात मला घेतलं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि मला बडवत गल्लीतून निघाल्या. प्रत्येक दारापुढे थांबल्या. असा मार मी जन्मात खाल्ला नव्हता. परेशच्या दारात तर माझं बूडच आत गेलं.

"आज घरी पूजा आहे ना, ताई," परेश अवघडून म्हणाला.

"पूजा होऊ द्या, भिया. पण तुमची छत टाकली तेव्हा मी पण थकली होती. आली होती की नाही?"

परेशची बायको सुरभी आतून आली. तिने नव्या साडीचा पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "पंडितजींना सांगा, संध्याकाळी या. देव काही पळून नाही जात."

मग पाहुण्यांसकट सगळी गल्ली आली. पूजेचे दाल-बाफले रेतीच्या ढिगाशी आले आणि लोकांनी पाळीपाळीने खाल्ले. स्लॅब कुठेही न थांबता पुरा झाला. त्या संध्याकाळी मला सुरभीने धुतलं.

आता माझे काठ फाटलेत, बूडही पातळ झालंय. कुणी म्हणालं, यात मोगरा लावा. शालिनीताईंनी साफ नकार दिला. सिमरोलजवळ नवी कुटुंबं घरं बांधताहेत, तिथे त्यांनी मला देऊन टाकलं. इथेही चिठ्ठ्या झाल्या आहेत. शेवटची निघाली म्हाताऱ्या रामभाऊंची, आणि तेच दर रविवारी दुसऱ्यांच्या घरासाठी मला उचलतात.

मित्रांनो, काम आटोपलं की मला धुवा, पालथं घाला. रामभाऊंचा स्लॅब टाकून होईपर्यंत मला टिकायचं आहे. आणि त्या रविवारी माणसं कमी आलीच, तर खुशाल मला बडवत निघा. माझ्या बुडाला आणखी एक पोचा चालेल.