मागून हाक आली नाही

जुन्या फर्निचरच्या धंद्यात बापाचे केस पिकले होते. गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावलं गेलं, की हाक मारायची आणि भाव उतरवायचा. स्वतः माल घ्यायला गेलं, की आपण चार पावलं चालायचं आणि मागून हाक यायची. हाक आली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

लेकीला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करायचं होतं. दोन बड्या विद्यापीठांनी प्रवेश दिला, पण फी अशी, की दुकानासकट बाप विकला तरी पुरली नसती. तिसऱ्याने अर्धी फी माफ केली. उरलेली अर्धी दुकानाचा टेम्पो विकून जेमतेम जमत होती.

"अर्धी सोडली ना? मग पाऊण सोडतील!" बाप म्हणाला. "परवडत नाही, येत नाही, असं लिहून टाक. बघ कसे मागे धावतात."

"बाबा, विद्यापीठ आहे ते, कपाट नव्हे."

"अगं, देशादेशांच्या वाटाघाटी शिकायला निघालीस ना? मग पहिला धडा घरचाच घे!"

बापाचा अंदाज चुकलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिने लिहिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तुमच्या निर्णयाचा आदर आहे, जागा पुढच्या विद्यार्थ्याला दिली आहे, मनापासून शुभेच्छा. लेकीने वाचून दाखवलं.

"म्हणजे किती सोडतायत?" बापाने विचारलं.

लेकीने तेच पुन्हा एकदा वाचलं. मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने स्वतः फोन लावला. "अर्धी भरतो हो, आजच भरतो, टेम्पो विकतो," असं गयावया करून सांगितलं. पलीकडच्या बाई भल्या होत्या, पण एकदा नाकारलेली सवलत पुन्हा मिळत नाही म्हणाल्या. पुढच्या वर्षीही नाही.

"तेलही गेलं, तूपही गेलं," बायको पुटपुटली. पुढचं म्हणायची तिला छातीच झाली नाही.

आता लेक दुकानात बसते. परवा टेबलाचा भाव ऐकून एक म्हातारा वळला आणि चालू लागला. बापाने तोंड उघडलं, पण हाक निघेना. हल्ली हे असंच होतं.

"अहो काका, जाऊ नका!" लेक ओरडली. "तुम्ही म्हणाल तेवढे द्या!"

म्हातारा परत आला. बाप कपाटामागे गेला आणि धूळ पुसायचं फडकं तोंडावर दाबून रडला.